फास्टिंग-पीपी ठीक, तरी एचबीए१सी ७.९. कोणता आकडा धरायचा?

खडीसाखर

आईचं वय ५८, मधुमेह ९ वर्षांपासून. गोळ्या मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ आणि ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम नाश्त्याआधी. घरी ग्लुकोमीटर आहे, आठवड्यातून दोनदा बघतो आणि वहीत लिहितो. गेल्या तीन महिन्यांत उपाशीपोटी (फास्टिंग) १०५ ते १२०, नाश्त्यानंतर दोन तासांनी (पीपी) १४५ ते १६५. एकदाही १७० ओलांडलेले नाहीत.

परवा रिपोर्ट आला: एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, टक्क्यांत) ७.९, खाली 'अंदाजे सरासरी ग्लुकोज १८०'. सहा महिन्यांपूर्वी ७.० होतं. गंमत म्हणजे वहीतले आकडे तेव्हाही हेच होते.

त्याच रक्तातून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) झाली: हिमोग्लोबिन ९.२ (सहा महिन्यांपूर्वी ११.४), एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ६८, तांबड्या पेशी ४.१ दशलक्ष, आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातला फरक) १८. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) ०.८.

डॉक्टरांकडे गुरुवारी जायचंय. ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम करू असं फोनवर बोलणं झालंय. त्याआधी तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. मीटर खोटा की रिपोर्ट खोटा? पुन्हा तपासायचं तर नेमकं काय? आणि एचबीए१सीला उपाशीपोटी जायचं असतं का? दोन लॅबवाल्यांनी दोन उत्तरं दिली.

---

कडू_कारलं

शेवटचं आधी. एचबीए१सीला उपाशी राहायची गरज नाही. दुपारी जेवून गेलात तरी आकडा तोच येतो. लॅबवाले उपाशी बोलावतात कारण बहुतेक जण त्याच वेळी फास्टिंग शुगर आणि लिपिडही देतात.

आता मुख्य मुद्दा. एचबीए१सी रक्तातली साखर मोजतच नाही. ते मोजतं हिमोग्लोबिनचा किती हिस्सा साखरेने 'चिकट' झालाय ते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकाला व्हॅलिन नावाचं अमिनो आम्ल असतं, त्याला ग्लुकोज आपोआप जाऊन चिकटतो आणि ती पेशी मरेपर्यंत सुटत नाही. तांबडी पेशी जगते साधारण १२० दिवस. म्हणजे आकडा दोन गोष्टींवर ठरतो: रक्तात साखर किती होती, आणि पेशी त्या साखरेत किती दिवस भिजत राहिली. दुसरी गोष्ट बदलली की पहिली तशीच असूनही आकडा हलतो.

तुमच्या आईंची दुसरी गोष्ट बदललेली दिसते. हिमोग्लोबिन ११.४ वरून ९.२, पेशी लहान (एमसीव्ही ६८), आकार एकमेकांशी न जुळणारे (आरडीडब्ल्यू १८). हे लोहाच्या कमतरतेचं चित्र आहे. लोह कमी पडलं की नव्या पेशींचा पुरवठा मंदावतो, रक्तात म्हाताऱ्या पेशींचं प्रमाण वाढतं, आणि म्हातारी पेशी म्हणजे जास्त दिवस भिजलेली पेशी. साखर वाढलेली नसतानाही एचबीए१सी वर सरकतं. कधी काही दशांश, कधी एक टक्का किंवा त्याहून जास्त.

एमसीव्ही कमी दिसली की आपल्याकडे थॅलेसेमिया मायनरही (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा सौम्य आनुवंशिक दोष) डोक्यात ठेवावा लागतो. त्याचा वहीच्या कोपऱ्यात करण्याजोगा हिशोब: एमसीव्ही भागिले तांबड्या पेशींची संख्या. ६८ भागिले ४.१ म्हणजे साधारण १६.६. १३ च्या वर असेल तर लोहाची शक्यता जास्त, १३ च्या खाली असेल तर थॅलेसेमिया मायनरची. शिवाय मायनरमध्ये हिमोग्लोबिन सहा महिन्यांत दोन ग्रॅमने घसरत नाही, ते लहानपणापासून कमीच असतं. तरी हा नुसता अंदाज. फेरिटिन (शरीरातल्या लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) करून घ्या. ते ३० च्या खाली आलं तर प्रश्न मिटला. सांधेदुखी, ताप, जंतुसंसर्ग चालू असेल तर फेरिटिन खोटं वर दिसतं, तेव्हा सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहणारं प्रथिन किती भरलेलं आहे ते) बघतात.

मेटफॉर्मिन ९ वर्षं चालू असेल तर बी१२ ही मागून घ्या. हे औषध बी१२चं शोषण कमी करतं, आणि बी१२ कमी झालं तरी एचबीए१सी वर जातं. त्यात पेशी मोठ्या होतात, लोहाच्या कमतरतेत लहान. दोन्ही एकदम असतील तर एमसीव्ही मधेच कुठेतरी 'नॉर्मल' दिसते आणि सगळ्यांना फसवते. तेव्हा वाढलेला आरडीडब्ल्यू चुगली करतो.

आणि एक गोष्ट जिचा साखरेशी संबंध नाही, पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वय ५८, पाळी गेलेली असणार. मग सहा महिन्यांत एवढं लोह गेलं कुठे? मूळव्याध, पोटातला अल्सर, दुखण्यावरच्या गोळ्या रोज घेणं, आतड्याचं काही, हे तपासायला हवं. लोहाची गोळी सुरू करून आकडा वर आणला आणि कारण तसंच राहिलं, असं होऊ देऊ नका. शौचातल्या लपलेल्या रक्ताची तपासणी साधी आहे. लोह सुरू केल्यावर शौचाचा रंग काळा होतो आणि मग नुसतं बघून काही कळत नाही, म्हणून हे आधी.

ग्लिमेपिराइडबद्दल: ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, साखर कमी असली तरी. खरी सरासरी १३५-१४० असताना १८० समजून डोस दुप्पट केला तर जेवणाला उशीर झालेल्या दिवशी साखर ६० पर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, चिडचिड. स्वतःहून काही बदलू नका. गुरुवारी जाताना एचबीए१सी, दोन्ही सीबीसी आणि वही असं तिन्ही एकत्र टेबलावर ठेवा. फोनवर बोलताना त्यांच्यासमोर बहुधा फक्त ७.९ होतं.

---

जांभळी_टोपी

लॅबच्या बाजूने लिहितो, कारण 'रिपोर्ट खोटा का' याचं अर्धं उत्तर रिपोर्टवरच छापलेलं असतं आणि कुणी वाचत नाही.

रिपोर्टवर आकड्याखाली बारीक अक्षरात पद्धत लिहिलेली असते. एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी), इम्युनोटर्बिडिमेट्री, कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस, बोरोनेट ॲफिनिटी, एन्झायमॅटिक यांपैकी एक. सहा महिन्यांपूर्वीची आणि आताची पद्धत एकच आहे का ते आधी बघा. लॅब बदलली, पद्धत बदलली, तर ०.२-०.३ चा फरक काहीही न घडता पडतो. एकाच यंत्रावर एकच रक्त दोनदा चालवलं तरी ७.० च्या जागी ६.९ किंवा ७.१ येतं. म्हणून दोन रिपोर्टांतला फरक ०.५ च्या आसपास गेला की मगच त्याला अर्थ. तुमचा ०.९ आहे, म्हणजे यंत्राच्या लहरीवर ढकलता येणार नाही.

एचपीएलसी असेल तर लॅबकडे आलेख मागा. बऱ्याच ठिकाणी रिपोर्टसोबत दुसरं पान असतं, नसेल तर मागितल्यावर देतात. त्यात डोंगरांसारखे उंचवटे दिसतात: ए१ए, ए१बी, मग एलए१सी (हा कच्चा, सुटू शकणारा ग्लुकोज, मोजणीतून वगळतात), मग खरं ए१सी, आणि शेवटी सगळ्यात उंच ए० (साखर न चिकटलेलं हिमोग्लोबिन). बघायचं ते एवढंच:

ए१सीचा उंचवटा सुटा, टोकदार आहे का? शेजारच्यात मिसळलेला असेल तर आकड्यावर भरवसा नको.

ए० च्या पुढे आणखी एखादा मोठा उंचवटा आहे का? असेल तर हिमोग्लोबिनचा वेगळा प्रकार आहे (एस, डी, ई वगैरे).

'एफ'चा भाग वाढलाय का? गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन काहींच्यात मोठेपणीही जास्त राहतं. ते बरंच असेल तर इम्युनो पद्धतीत एचबीए१सी खोटं कमी येतं.

एकूण क्षेत्रफळ यंत्राच्या मर्यादेत आहे का? हिमोग्लोबिन फार कमी असेल तर पुरेसा नमुना यंत्रात जात नाही आणि ते सूचना छापतं. ९.२ ला सहसा अडचण येत नाही, ५-६ ला येते.

एक ढोबळ नियम: १५ च्या वर किंवा ४ च्या खाली आकडा आला, किंवा पेशंटच्या बाकी कशाशीच जुळत नसला, की हिमोग्लोबिनच्या प्रकाराचा संशय घ्यायचा आणि दुसऱ्या पद्धतीने तपासायचं.

आता नळी. एचबीए१सीला जांभळ्या टोपणाची, ईडीटीए घातलेली. २-३ मिली रक्त घेतल्यावर ती ८-१० वेळा हलकेच उलटीपालटी करायची, जोरात हलवायची नाही. न हलवता स्टँडला ठेवली की तळाशी बारीक गुठळी होते आणि यंत्राची सुई तुंबते. फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर आठवडाभर टिकते. उन्हाळ्यात तालुक्याच्या संकलन केंद्रातून बर्फाशिवाय, मोटरसायकलच्या डिकीतून दिवसभर फिरलेली नळी मात्र गोंधळ घालते. पेशी फुटतात, जुनाट हिमोग्लोबिनचे उंचवटे ए१सीच्या जागेवर येऊन बसतात. रिपोर्टवर 'नमुना घेतला' आणि 'नमुना मिळाला' अशा दोन वेळा असतात. मध्ये किती तास गेले ते बघा.

साखरेची नळी वेगळी, करड्या टोपणाची, फ्लोराइडवाली. साध्या नळीत रक्त ठेवलं तर पेशी साखर खात राहतात आणि दर तासाला ५ ते ७ टक्के कमी होते. फ्लोराइडसुद्धा लगेच थांबवत नाही, पहिला तास-दीड तास गळती चालूच राहते. म्हणून लॅबची फास्टिंग ९८ आणि त्याच वेळची मीटरची ११० असं दिसलं की दरवेळी मीटरला शिव्या घालू नयेत.

---

खडीसाखर

बघितलं. दोन्ही वेळा लॅब तीच, पद्धत एचपीएलसी, नमुना दोन तासांत पोचलेला. आलेखात ए० नंतर काही नाही. फेरिटिन आणि बी१२ उद्या सकाळी देतो. म्हणजे मीटर बरोबर आणि ७.९ पूर्णपणे लोहामुळे, असं धरू का?

---

टोचणी

नका धरू. कडू_कारलं यांचं लोहाचं म्हणणं बरोबर आहे, पण वहीतही एक भोक आहे आणि ते आधी बुजवायला हवं.

तुमच्याकडे दिवसातल्या दोनच वेळा आहेत: उपाशीपोटी आणि नाश्त्यानंतर. ग्लिमेपिराइड नाश्त्याआधी घेतात, म्हणजे औषधाचा जोर सकाळी सगळ्यात चांगला. तुम्ही नेमकी तीच वेळ मोजताय. दुपारचं भात-वरण-पोळीचं जेवण, चारचा चहा-खारी, रात्री साडेनऊचं जेवण, यांचा एकही आकडा नाही. एचबीए१सी सातच्या आसपास असतं तेव्हा त्याला वर ढकलण्यात जेवणानंतरच्या साखरेचा वाटा मोठा असतो. ९-१० च्या पुढे गेलं की उपाशीपोटीची साखर पुढारी होते. म्हणून 'फास्टिंग चांगली आहे' हे सातच्या आसपासच्या माणसाला फारसं काही सांगत नाही.

करायचं असं. लागोपाठ तीन दिवस, त्यात एक रविवार धरून, रोज सात वेळा: उपाशीपोटी, नाश्त्यानंतर, दुपारच्या जेवणाआधी, जेवणानंतर, रात्रीच्या जेवणाआधी, जेवणानंतर, आणि पहाटे तीनला. पहाटेची एकाच दिवशी केली तरी चालेल. 'नंतर' म्हणजे पहिला घास घेतल्यापासून दोन तास, हात धुतल्यापासून नव्हे. आपल्याकडे जेवण अर्धा-पाऊण तास चालतं आणि पीपी अडीच-पावणेतीन तासांवर मोजली जाते. तोवर साखर उतरायला लागलेली असते. आणि त्या तीन दिवसांत नेहमीसारखंच जेवू द्या. तपासणी आहे म्हणून भात बंद केला तर उपयोग शून्य.

मीटरची शिस्त: हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे. आंबा चिरलेल्या, गूळ फोडलेल्या बोटावर २५०-३०० सहज दिसतात, आणि नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून साखर जात नाही. बोटाच्या टोकाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा, तिथे दुखतं कमी. रक्त येत नसेल तर हात खाली सोडून हलवा, बोट दाबून दाबून पिळू नका, ऊतीतलं पाणी मिसळतं. पट्टीची डबी उघडली की लगेच बंद. पट्ट्या बाहेर काढून पाकिटात ठेवल्या की पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, दोन-तीन दिवसांत दमट होतात. डबीवर उघडल्याची तारीख पेनाने लिहा. छापील मुदत न उघडलेल्या डबीची असते, उघडल्यानंतरची वेगळी आणि कमी असते, ती माहितीपत्रकात दिलेली असते.

अचूकता किती अपेक्षित ठेवायची? २०१३ च्या आयएसओ १५१९७ मानकाप्रमाणे १०० च्या खाली १५ अंकांपर्यंत आणि १०० च्या वर १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो, १०० पैकी ९५ मोजण्यांत. म्हणजे खरी साखर १६० असताना मीटरने १४० किंवा १८० दाखवलं तरी तो 'पास'च. एकेका आकड्यावर जीव टांगू नका, सरासरीकडे बघा.

एक गोष्ट वर कुणी सांगितली नाही. रक्त पातळ असलं की बहुतेक मीटर साखर खोटी जास्त दाखवतात. पट्टीच्या डबीतल्या कागदावर हिमॅटोक्रिटची (रक्तात तांबड्या पेशींचा हिस्सा किती टक्के ते) मर्यादा लिहिलेली असते, काहींची ३० ते ५५, काहींची २० ते ६०. तुमच्या आकड्यांवरून आईंचं हिमॅटोक्रिट साधारण २८ येतं (६८ गुणिले ४.१ भागिले १०). मर्यादा ३० पासून असेल तर हा मीटर त्यांच्यासाठी सध्या चालत नाही. आणि तो चुकत असलाच तर जास्त दाखवण्याच्या बाजूने चुकतोय, म्हणजे खरी साखर आणखी कमी. उद्या लॅबमध्ये रक्त देताना मीटर सोबत न्या, शिरेतून रक्त घेतल्याबरोबर बोटातलं मोजा. हे उपाशीपोटीच करा. जेवणानंतर बोटातल्या रक्ताची साखर शिरेतल्यापेक्षा मुळातच २०-३० ने जास्त असू शकते, तेव्हा तुलना जमत नाही.

---

वर्धेपलीकडचा

खडीसाखर यांच्या आईंना हे लागू नाही, आलेख स्वच्छ आहे. पण हा धागा गडचिरोली-चंद्रपूर-नागपूरकडून किंवा नंदुरबारकडून कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी.

तिकडे सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार जास्त आढळतो. त्यात एसएस पॅटर्न (आई-वडील दोघांकडून 'एस' आलेला) असलेल्या माणसाच्या शरीरात एचबीए हे हिमोग्लोबिनच नसतं. मग त्याचं ए१सी कुठून येणार? तरी काही रिपोर्टांवर आकडा छापून येतो. कारणं दोन. एक, बोरोनेट पद्धत सगळ्या प्रकारच्या चिकट हिमोग्लोबिनची एकत्र मोजणी करते, ती एस-ए असा भेद करत नाही. आकडा तांत्रिकदृष्ट्या 'बरोबर', पण एसएसमध्ये तांबडी पेशी १२० ऐवजी १०-२० दिवसच जगते, भिजायला वेळच मिळत नाही. ४.८ छापून आलं म्हणून साखर नाही असं समजू नये. दोन, नुकतंच रक्त चढवलं असेल तर रिपोर्टात रक्तदात्याचं ए१सी दिसतं. पेशंटचं नाव, दात्याची साखर.

एएस पॅटर्न, म्हणजे वाहक, यांचं वेगळं. त्यांच्या पेशी साधारण पूर्ण आयुष्य जगतात, आणि आताची बरीच एचपीएलसी यंत्रं एसचा उंचवटा बाजूला ठेवून ए१सीचं प्रमाण फक्त ए च्या हिशोबात काढतात. तो आकडा बहुधा वापरता येतो, मात्र लॅबने 'एस प्रकार आढळला' अशी नोंद केली पाहिजे. कित्येकांना आपण वाहक आहोत हे मधुमेहाच्या रिपोर्टातूनच पहिल्यांदा कळतं. ते कळलं की सोल्युबिलिटी (सिकलसेलची प्राथमिक चाचणी) आणि पुढे हिमोग्लोबिनची एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस करून पक्कं करावं, घरात लग्नाची मुलं असतील तर नक्कीच. ए१सीच्या यंत्रातला आलेख निदानासाठी नसतो, ती वेगळी मोजणी आहे.

एसएसवाल्यांसाठी, डायलिसिसवर एरिथ्रोपोएटिनची (तांबड्या पेशी वाढवणारी) इंजेक्शनं घेणाऱ्यांसाठी, कुष्ठरोगावरचं डॅप्सोन चालू असलेल्यांसाठी (त्यात पेशी लवकर फुटतात, ए१सी फसवं कमी येतं) आणि गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत एचबीए१सीवर विसंबू नये. मीटरची वही, सीजीएम (अंगावर लावलेल्या सेन्सरने सतत साखर मोजणं) किंवा फ्रुक्टोसामिन यांवर चालावं.

---

जांभळी_टोपी

फ्रुक्टोसामिनचं नाव निघालं म्हणून: ते रक्तातल्या प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेली साखर मोजतं आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांचं चित्र देतं. पेशींच्या वयाशी त्याचं देणंघेणं नाही. मधुमेह नसलेल्यांत साधारण २०० ते २८५ मायक्रोमोल. नमुना सीरमचा, त्यामुळे नळीही वेगळी. अल्ब्युमिन ३ ग्रॅमच्या खाली असेल, लघवीतून प्रथिनं जात असतील किंवा यकृत बिघडलेलं असेल, तर हेही फसवतं, खोटं कमी येतं. म्हणून सोबत अल्ब्युमिन बघितल्याशिवाय ते वाचू नका. लहान गावात करत नाहीत, मोठ्या लॅबला पाठवतात.

---

खडीसाखर

मीटर लॅबमध्ये नेला होता: मीटर ११४, लॅब १०६. पट्टीची मर्यादा २० ते ६० आहे, म्हणजे चालतो. फेरिटिन ७, बी१२ २९०, अल्ब्युमिन ४.१.

तीन दिवसांच्या सात वेळांची सरासरी:
उपाशीपोटी ११२
नाश्त्यानंतर १५६
दुपारी जेवणाआधी ११८
जेवणानंतर १९२
रात्री जेवणाआधी १३८
जेवणानंतर २०४
पहाटे ३ ला १२६

टोचणी, तुमचं खरं निघालं. रात्रीचे २०४ बघून धक्का बसला. आता याचा ए१सीशी मेळ कसा घालायचा?

---

टोचणी

सातही आकड्यांची बेरीज १०४६, भागिले ७, म्हणजे १४९. आता रिपोर्टावर जे 'अंदाजे सरासरी ग्लुकोज' छापतात त्याचं सूत्र उलटं वापरा. मूळ सूत्र: ए१सी गुणिले २८.७ वजा ४६.७. म्हणून १४९ अधिक ४६.७ म्हणजे १९५.७, भागिले २८.७, उत्तर ६.८.

तुमच्या आधीच्या वहीवरून सरासरी १३५ च्या आसपास वाटत होती, म्हणजे ए१सी ६.३. न मोजलेल्या वेळा धरल्या तर ६.८. रिपोर्ट ७.९. मधला अर्धा टक्का दुपार-रात्रीच्या जेवणांचा होता, तो वहीत नव्हता. वरचा १.१ वहीत बसत नाही, तो लोहाच्या खात्यावर. खरं तर लोहाचा वाटा थोडा जास्तच असेल, कारण सातपैकी तीन आकडे जेवणानंतरच्या शिखरावरचे आहेत आणि रात्रीचे झोपेतले सात-आठ तास एकाच आकड्यात उरकलेत. शिवाय मीटर ८ ने जास्त दाखवतोय.

तीन दिवसांवरून तीन महिन्यांचा हिशोब हा ओढूनताणून आणलेला आहे, हे मान्य. जमत असेल तर एकदा १४ दिवसांचा दंडावर लावायचा सीजीएम सेन्सर लावा. त्याच्या रिपोर्टात सरासरीसोबत ७० ते १८० मध्ये किती टक्के वेळ गेला ते येतं. ७० टक्क्यांच्या वर असला तर बहुतेकांसाठी ठीक. त्यातला जीएमआय म्हणून येणारा आकडा (सेन्सरच्या सरासरीवरून काढलेला ए१सीचा अंदाज: ३.३१ अधिक सरासरी गुणिले ०.०२३९२) लॅबच्या ए१सीशेजारी ठेवा. दोघांत जे अंतर दिसेल ते तुमच्या आईंच्या पेशींचं अंतर.

---

कडू_कारलं

फेरिटिन ७ म्हणजे लोहाची कोठी रिकामी आहे, यात वाद नाही. बी१२ २९० काठावर आहे, डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांसमोर मांडायचा प्रश्न आता बदललाय. सकाळी औषध पुरेसं आहे, उपाशीपोटी ११२ आहे, तिथे आणखी ढकललं तर साखर उतरेल ती पहाटे आणि दुपारच्या जेवणाआधी, जिथे आधीच ११८-१२६ आहे. अडचण जेवणानंतरच्या शिखराची आहे. त्यावर उपाय ग्लिमेपिराइड दुप्पट करणं हाच आहे का, की जेवणानंतरच्या साखरेवर काम करणारी दुसरी गोळी, की आधी रात्रीच्या ताटातला भात निम्मा करून जेवण आठला आणणं, हे विचारा. तीन आठवडे ताट बदलून पुन्हा फक्त रात्री जेवणाआधी आणि नंतर असे दोन आकडे मोजले तरी फरक दिसेल. चढ ६६ चा आहे (१३८ ते २०४), तो ४० च्या आत आणायचा.

लोह सुरू झाल्यावर उलटा सापळा आहे, तो आत्ताच सांगून ठेवतो. आपल्याकडे फेरस ॲस्कॉर्बेटची गोळी सर्रास मिळते, त्यात १०० मिलिग्रॅम शुद्ध लोह असतं. रोज की एक दिवसाआड ते डॉक्टर ठरवतील. चहा आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून दोन तास लांब ठेवा. आठ-दहा दिवसांत हाडांच्या मगजातून ताज्या, कोऱ्या पेशींचा लोंढा रक्तात येतो. त्यांना साखर चिकटायला अजून वेळच मिळालेला नसतो. त्यामुळे पुढचे दोन-तीन महिने एचबीए१सी धडाधड खाली येईल, कदाचित ६.५ च्याही खाली, साखर तसूभर न बदलता. तेव्हा कुणी 'वा, औषध कमी करू' म्हणेल. आत्ता ७.९ पाहून वाढवणं जितकं चूक, तितकंच ते.

म्हणून पुढचं एचबीए१सी तीन महिन्यांनी सवयीने करून पैसे घालवू नका. हिमोग्लोबिन १२ वर येऊन स्थिर झालं की तिथून तीन महिने मोजा. आज ९.२ आहे, तिथपर्यंत यायला साधारण दोन महिने धरा, म्हणजे खरा आकडा पाच महिन्यांनी. तोवर दर महिन्याला एक दिवस सात वेळांची मोजणी, आणि शंका आली तर फ्रुक्टोसामिन. अल्ब्युमिन ४.१ आहे, त्यामुळे ते त्यांच्यात वाचता येईल. ए१सी जेव्हा कराल तेव्हा त्याच नळीतून सीबीसीही करून घ्या. दोन्हींना जांभळं टोपणच लागतं, वेगळी सुई नाही.

आणि शौचाच्या तपासणीचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. लोहाची पहिली गोळी घ्यायच्या आधी ते करा.

---

खडीसाखर

शौचाच्या नमुन्याची डबी आणलीय, उद्या सकाळी देतो. गुरुवारी सगळे कागद एका फाइलमध्ये नेतोय, वर सात वेळांचा तक्ता.